अर्धी गाडी कारखान्याची, अर्धी गस्तीची

पोलिसांची गस्तीची गाडी मोटारीच्या कारखान्यात निम्मीच तयार होते. सांगाडा, इंजिन, दारं, काचा, आसनं एवढं कारखाना देतो. मग ती पोलीस खात्याच्या गॅरेजात जाते. तिथे छपराला भोकं पाडतात, वायरी ओढतात, दिव्यांची पट्टी बसवतात, पुढच्या आणि मागच्या आसनांमध्ये आडोसा उभा करतात, रेडिओ लावतात, दारावर बोधचिन्ह आणि छपरावर आकडे चिकटवतात. ही दुसरी निम्मी गाडी मोटार कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ती त्या राज्याच्या कायद्यातून, त्या शहराच्या रस्त्यांतून, खात्याच्या अंदाजपत्रकातून आणि पाळीभर त्या गाडीत बसणाऱ्या माणसाच्या गरजेतून घडते.

मॉडेलच्या किटचं खोकं उघडलं की हातात येते ती पहिली निम्मी गाडी. दुसरी आपण घडवायची असते, आणि मॉडेल खरं की खोटं हे तिच्यावरच ठरतं. हे पुस्तक त्या दुसऱ्या निम्म्या गाडीबद्दल आहे.

उदाहरण म्हणून पुस्तकभर मी एकच गाडी घेतली आहे : १९९०च्या दशकाच्या मध्यावरची, लॉस एंजेलिस पोलीस खात्याची काळी-पांढरी फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया. प्रमाण १:२५, आणि पाया लिंडबर्ग कंपनीच्या प्लॅस्टिक किटचा. दहा गाड्यांची वरवर ओळख करून देण्यापेक्षा एकाच गाडीच्या प्रत्येक भोकाचं, प्रत्येक तारेचं कारण शोधणं मला महत्त्वाचं वाटतं. एका गाडीपाशी ही कारणं शोधायची सवय लागली की पुढची गाडी कोणतीही असो, वाट माहीत झालेली असते.

या गाडीमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात १८९९ साली पोलिसांसाठी विजेवर चालणारी गाडी तयार झाली. पोलिसांची ती पहिली मोटारगाडी मानली जाते. ती होती कैदी वाहून नेणारी, आजच्या अर्थाने गस्तीची नव्हे. गस्तीच्या गाडीला खरं रूप दिलं ते रेडिओने. डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ साली गाडीत बिनतारी संदेश ऐकण्याची सोय यशस्वी करून दाखवली. पण ती सोय एकतर्फी होती. गाडीतल्या माणसाला ऐकता येई, उत्तर देता येत नसे. न्यू जर्सीतल्या बेयॉनमध्ये १९३३ साली दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं. त्यानंतर गस्तीची गाडी हे चाकांवरचं पोलीस ठाणंच झालं. १९५० साली फोर्डने पोलिसांसाठी वेगळी जुळणी कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून कामाची वाटणी ठरून गेली : दणकट भाग कारखान्याने द्यायचे, बाकीची सजावट खात्याने करायची.

क्राउन व्हिक्टोरिया हा या परंपरेचा शेवटचा मोठा टप्पा. वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बसवलेली बॉडी, पुढे ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, ही तिची रचना. सांगाडा वेगळा असल्यामुळे टक्कर झाल्यावर ती दुरुस्त करणं सोपं जाई आणि खात्याच्या गॅरेजांना ती परवडे. तिची प्रतिस्पर्धी शेव्रोले कॅप्रीस १९९६ अखेर बंद झाली आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत पोलीस गाडी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांपुढे येऊ लागली. कॅनडातल्या सेंट थॉमस कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया १५ सप्टेंबर २०११ रोजी बाहेर पडली.

किट घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. १९९८च्या मॉडेलपासून या गाडीचं छप्पर, मागची काच आणि मागचा भाग सगळं बदललं. लिंडबर्गचं किट त्याआधीच्या उतरत्या छपराच्या गाडीचं आहे. त्यावर २००५ सालची बोधचिन्हं आणि अक्षरं चिकटवली तर काम कितीही सफाईचं असो, तशी गाडी रस्त्यावर कधी नव्हतीच. नंतरच्या काळातली गाडी हवी असेल तर रेझिनची बॉडी शोधावी किंवा मोटरमॅक्सची १:२४ प्रमाणातली धातूची तयार गाडी सुटी करून, तिचा रंग काढून तिथून सुरुवात करावी. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. त्यांच्यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

१:२५ हे प्रमाण आपल्याकडे अनेकांना अडनिडं वाटतं. जपानी किट बहुधा १:२४ असतात. अमेरिकेत मात्र एएमटीसारख्या कंपन्या मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवत, आणि त्याच साच्यांच्या परंपरेतून १९५०च्या दशकाच्या अखेरीला जुळणीची किट बाजारात आली. ती १:२५ प्रमाणात होती, म्हणून तिथे हेच प्रमाण रुळलं. दोन्ही प्रमाणं जवळची वाटतात, पण मिसळली की फरक उघडा पडतो. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,९०६ मिलिमीटर आहे. १:२५ मध्ये ते ११६.२ मिलिमीटर होतं आणि १:२४ मध्ये १२१.१. पाच मिलिमीटरच्या फरकाची गाडी कुणीही ओळखेल. म्हणून सुरुवातीच्या प्रकरणांतच मी मापांचा तक्ता दिला आहे. अमेरिकन नंबरप्लेट १२ इंच बाय ६ इंच, म्हणजे १:२५ मध्ये १२.२ बाय ६.१ मिलिमीटर. चार फुटांची दिव्यांची पट्टी ४८.८ मिलिमीटर. दारांमधली पाच मिलिमीटरची फट ०.२ मिलिमीटर. हा तक्ता कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लावून ठेवावा.

आकड्यांची ही शिस्त कशासाठी, ते चाकांकडे पाहिलं की कळतं. १९९२ ते १९९७ पर्यंत पोलिसांच्या या गाडीला १५ इंची पोलादी चाकं होती, १९९८ पासून १६ इंची आणि २००६ पासून १७ इंची. टायरचा बाहेरचा व्यास मात्र तिन्ही वेळा जवळजवळ तोच राहिला. १:२५ मध्ये तो सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटरच्या आतबाहेर येतो. बदलली ती आतली रिम : आधी १५.२, मग १६.३, मग १७.३ मिलिमीटर. टायर तेवढाच, पण त्याच्या बाजूची काळी रबराची कड हळूहळू बारीक होत गेली. मॉडेल पाहणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात. तरी चुकीचं चाक लावलं तर गाडीत काहीतरी बिघडलंय एवढं त्याला जाणवतं. त्या जाणिवेचं कारण मोजता येतं आणि सुधारताही येतं.

आता रंगाकडे येऊ. पोलीस गाडी म्हणजे काळी-पांढरी, हे चित्रपटांनी आपल्या मनात पक्कं केलं आहे, पण ते सगळीकडचं खरं नाही. न्यूयॉर्कच्या गाड्या १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हिरव्या, काळ्या आणि पांढऱ्या होत्या. पुढे निळ्या-पांढऱ्या झाल्या, आणि १९९०च्या दशकात पांढऱ्या रंगावर निळे पट्टे आले. मिशिगन राज्य पोलिसांची गाडी निळी असते. इतरांनी छपरावर लांबलचक दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या तरी त्यांनी छपरावरचा एकच फिरता लाल दिवा आणि बॉनेटवरची उभी पाटी अभिमानाने जपली. लॉस एंजेलिसची गाडी काळी, तिची दारं आणि छप्पर पांढरं. ‘रक्षणासाठी आणि सेवेसाठी’ अशा अर्थाचं तिच्या दारावरचं ब्रीदवाक्य पोलीस अकादमीसाठी १९५५च्या स्पर्धेतून निवडलं गेलं आणि १९६३ साली गाड्यांवर आलं. म्हणजे १९६० सालच्या गाडीच्या दारावर ते लावलं तर ती गाडी खोटी ठरते. मॉडेलला खात्याच्या नावाइतकंच वर्षही लागतं.

छपरावरचे आकडे हा लॉस एंजेलिसच्या गाडीचा सगळ्यात बोलका तपशील. या खात्याने १९५६ पासून हेलिकॉप्टर वापरलं. शहर अफाट पसरलेलं. वरून पाहणाऱ्याला खालची नेमकी गाडी ओळखता यावी म्हणून छपरावर मोठे आकडे आले. रस्त्यावरच्या माणसाला ते दिसतही नाहीत. मॉडेल मात्र आपण नेहमी वरूनच बघतो, हेलिकॉप्टरमधला माणूस बघतो तसं. म्हणून हे आकडे वेडेवाकडे लागले किंवा छपराच्या मध्यापासून सरकले तर पहिली नजर तिथेच अडकते.

दिवे कसे असावेत हे कायदा ठरवतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यानुसार तातडीच्या वाहनाला समोरच्या बाजूला न लुकलुकता सतत जळणारा किमान एक लाल दिवा लागतो, आणि तो १,००० फुटांवरून दिसावा लागतो. तिथल्या गस्तीच्या गाडीवर बाकीचे दिवे फिरत असोत वा उघडझाप करत असोत, एक लाल दिवा स्थिर असतो तो यामुळेच. दिव्यांची पट्टी बनवताना सगळ्या लाल भिंगांमागे सारखाच आरसा बसवला तर हा फरक पुसला जातो. एक भिंग वेगळ्या पद्धतीने घडवलं की कायद्याचं ते कलम मॉडेलमध्ये उतरतं.

पुढच्या काचेशेजारच्या खांबावरचा झोतदिवाही असाच समजून घ्यायला हवा. बाहेरून तो सहा इंचांचा गोल दिवा दिसतो, १:२५ मध्ये सहा मिलिमीटरचा. पण त्याचा दांडा खांबातून आरपार आत गेलेला असतो आणि आत मूठ असते. गाडीत बसूनच अंधाऱ्या गल्लीत, घराच्या नंबरावर झोत टाकता यावा यासाठी ही सोय. अनेक मॉडेलांत दिवा खांबाला नुसता चिकटवलेला असतो आणि आतल्या मुठीचा पत्ताच नसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने तिरकं भोक पाडून त्यातून पोलादी तार ओवली की दिवा आणि मूठ एका रेषेत येतात. हे काम बॉडी रंगवण्याआधी करायचं, नाहीतर ड्रिल निसटलं की रंगावर ओरखडा ठरलेलाच.

या पुस्तकातला मला सगळ्यात प्रिय भाग अँटेनांचा आहे. अँटेनाची लांबी रेडिओच्या लहरीवरून ठरते. साधी अँटेना लहरीच्या लांबीच्या पाव हिश्श्याची असते. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल फार पूर्वीपासून ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरत आलं आहे, कारण त्या डोंगराळ मुलखात आणि लांबच्या महामार्गांवर दूरवर पोहोचतात. ४२ मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे जवळजवळ १.८ मीटर, १:२५ मध्ये सत्तर मिलिमीटरहून थोडी अधिक. लॉस एंजेलिस शहर पोलिसांचा रेडिओ ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तिथे पाव लहर पंधरा सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलवर सहा मिलिमीटर. एकाच शहरातून जाणाऱ्या दोन खात्यांच्या गाड्या, एकीवर बोटभर लांब तार, दुसरीवर नखाएवढी. तारेच्या बुडाशी गुंडाळी असेल तर लांबी कमी होते, म्हणून गणित करून थांबू नये. फोटो बघून खात्री करावी. पण हे गणित माहीत असलं की फोटोतही नेमकं काय शोधायचं ते कळतं. जी लांबी किटच्या सूचनापत्रकात कुणी सांगत नाही, ती अशी भौतिकशास्त्रातून हाती लागते.

आत शिरलं की काम वाढतं. पुढे दोन माणसांची कामाची जागा : रेडिओ, सायरनची बटणं, संगणकाचा पडदा, शॉटगनचा कप्पा, कागदपत्रं. मागे कैद्याची जागा : मध्ये आडोसा, आणि आतून न उघडणारी दारं. डॅशबोर्डवरचा वेगमापक १४० मैलांपर्यंतचा, पोलिसांसाठी अचूकतेची तपासणी केलेला. ही आतली रचना वर्षावर्षाला बदलत गेली, म्हणून बाहेरची गाडी १९९५ ची आणि आतला संगणक २००५ चा अशी गल्लत सहज होते. काचेतून फारसं दिसत नाही असं म्हणून अनेकजण हा भाग सोडून देतात. पण आडोशाची जाळी काचेतून स्पष्ट दिसते, आणि ती नसली की उरते ती रंग बदललेली टॅक्सी. अतिबारीक धातूची जाळी, पातळ पारदर्शक प्लॅस्टिक आणि स्टायरिनच्या पट्ट्या एवढ्या साहित्यात हा आडोसा उत्तम होतो.

रंगकामाबद्दल एकच मूळ गोष्ट इथे सांगतो, बाकी सविस्तर प्रकरणात आहे. खऱ्या गाडीवरचा रंग सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. मॉडेलवर आपण प्रायमर, रंग आणि वॉर्निश मिळून तेवढाच थर चढवला तर प्रमाणाने तो खऱ्या गाडीवरच्या अडीच मिलिमीटर जाड लेपासारखा होतो. दारांच्या फटी बुजतात, कडा गोल होतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसते. म्हणून एअरब्रशने पातळ थर द्यावेत, फटी आधीच थोड्या खोल कोराव्यात आणि दोन थरांमध्ये बारीक वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा. काळ्या-पांढऱ्या गाडीत आधी पांढरा रंग, मग दारं आणि छप्पर टेपने झाकून काळा. उलटं केलं तर काळ्यावर पांढरा झाकण्यासाठी थरावर थर द्यावे लागतात आणि जाडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अक्षरांसाठी पाण्याने सोडवून लावायचे डेकल लागतात. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे काळ्या भागावर पांढरी अक्षरं हवी असतील तर ती वेगळ्या यंत्रावर छापून घ्यावी लागतात. लॉस एंजेलिसच्या गाडीची दारं पांढरी, त्यांवरची अक्षरं गडद. ती पारदर्शक कागदावर घरी छापता येतात. नवशिक्याला ही गाडी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला कदाचित वाटेल की हे सगळं परदेशातल्या गाड्यांचं झालं. किट मागवायला वेळ आणि पैसा लागतो, हे खरंच आहे. पण बाकीचं साहित्य जवळच सापडतं : सतारीला लागते तशी बारीक पोलादी तार झोतदिव्याच्या दांड्याला, दागिने घडवणाऱ्यांकडची बारीक ड्रिल आणि चिमटे, हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर. त्याहून महत्त्वाची आहे ती पद्धत, आणि ती आपल्या रस्त्यावरच्या गाडीलाही तशीच लागू पडते. महाराष्ट्र पोलिसांच्या चिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद आहे. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले आणि दिवे फक्त तातडीच्या सेवांकडे उरले. २०१६ च्या आणि २०१८ च्या रस्त्याचं दृश्य मॉडेलमध्ये मांडायचं तर हा फरक दाखवावाच लागेल. आपल्याकडच्या पोलीस गाड्यांची किट सहज मिळत नाहीत. ज्याला ती घडवायची आहे त्याला स्टायरिनच्या पत्र्यातून पहिली निम्मी गाडीही स्वतः कापावी लागेल. ते काम कुणीतरी हाती घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि शेवटचं प्रकरण त्याच वाचकासाठी लिहिलं आहे.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे : गाडी, खातं आणि वर्ष ठरवणं, फोटो आणि मापं जमवणं, बॉडी आणि सांगाडा, अंतर्भाग, रंग, डेकल, दिवे आणि अँटेना, तपासणी, आणि शेवटी आपल्याकडच्या गाडीचं प्रकरण. पहिली दोन प्रकरणं हातात चाकू घेण्याआधी वाचावीत. फोटो जमवताना त्या काळात, त्या रस्त्यावर काढलेल्या फोटोला जास्त किंमत द्यावी. प्रदर्शनासाठी सजवलेल्या जुन्या गाड्यांवर बरेचदा दुसऱ्या वर्षाचे भाग बसवलेले असतात. शक्य असेल तर एकाच गाडीचे चारी बाजूंचे फोटो मिळवावेत, कारण एकाच खात्याच्या शेजारी उभ्या दोन गाड्यांतही अँटेनांच्या जागा वेगळ्या असू शकतात.

हे सगळे कष्ट कशासाठी, याचं माझं उत्तर गस्तीच्या गाडीच्या अखेरीत आहे. सेवेचे मैल पूर्ण झाले की खातं गाडी लिलावात काढतं. त्याआधी दिव्यांची पट्टी उतरवतात, रेडिओ काढून घेतात, आडोसा सोडवतात, अक्षरं खरवडतात आणि छपराच्या भोकांना बुचं लावतात. अनेक क्राउन व्हिक्टोरिया नंतर टॅक्सी म्हणून धावल्या. कारखान्यात घडलेली निम्मी गाडी अशी पुढे चालू राहते. तिची छायाचित्रं, तिचे भाग, तिची माहितीपुस्तकं जपणारे लोक भरपूर आहेत. कायद्याने, शहराने आणि पोलिसांच्या रोजच्या कामाने घडवलेली निम्मी गाडी मात्र त्या लिलावाच्या आधीच मोडून जाते. नीट अभ्यास करून केलेलं मॉडेल ती निम्मी गाडी लांबी, रुंदी आणि उंचीसकट जपतं. म्हणून मॉडेल पूर्ण झालं की त्याच्या तळाला एक चिठ्ठी लावा : खातं, वर्ष, कोणत्या फोटोंवरून काम केलं आणि कोणता भाग कशावरून ठरवला. तुमच्यानंतर हे मॉडेल ज्याच्या हाती जाईल त्याला ते तपासता येईल, त्यातली चूक दुरुस्त करता येईल आणि तुमच्या कामावर पुढचं काम उभं करता येईल.